खुर्चीवर बसून प्यायची जागा

लोधिवली, ता. १४ जानेवारी १९४६

चि. मालोजीस,

आशीर्वाद लिहितो, कारण तू धाकटा आहेस. आज संक्रांत, गोड बोलायचा दिवस, म्हणून मुद्दाम आजच लिहायला बसलो. निदान पहिल्या चार ओळी तरी जपून लिहिल्या जातील.

मी पनवेलला बर्फाची सोय बघायला गेलो होतो. परत आलो तर आईचं बोचकं खुंटीला नाही आणि आई घरात नाही. तुझी वहिनी चंद्रा म्हणाली, "भावजी आले व्हते. ज्या घरात दारू इकत्यात तिथलं पाणीबी प्यायचं नाय, असं आत्याबायनला सांगितलं. त्या कायबी बोलल्या नायत. उठल्या नि चालाय लागल्या." मी घरी असताना तुला आईला नेता आलं नसतं, हे तुला ठाऊक होतं. अलिबागला मास्तरकी करणाऱ्या माणसानं असा मोका साधावा याचं नवल वाटलं.

तुला वाटतं मी दारूचं दुकान टाकलंय. दुकान तर आपल्या लहानपणी कशेळ्यालाही होतं. बाला आणायला आपण दोघं आईबरोबर जायचो. आठवतं का तिथे बसायला जागा नव्हती? माणसं भिंतीकडे तोंड करून उकिडवी बसायची. ओळखीचं कुणी बघेल म्हणून उपाशीपोटी घटाघट ओतायची आणि मग त्यांना उठता येत नसे. बा शेवटी बांधाच्या पाण्यात पालथा सापडला. तू म्हणतोस त्याला दारूनं मारलं. मी म्हणतो लाजेनं मारलं. त्याच दिवसापासून तू दारूच्या मागे लागलास आणि मी लाजेच्या.

मुंबईच्या हॉटेलात मी आधी पेले विसळले, मग एका गोवेकराच्या हाताखाली मिश्रणं करायला शिकलो. त्यांनाच कॉकटेल म्हणतात. साहेब कसा पितो ते रोज बघत होतो. तो खुर्चीवर बसतो. समोर काहीतरी खायला असतं. पेल्यात दारू थोडी, बाकी लिंबू, साखर, बर्फ. तो बोलतो, हसतो, टोपी घालतो आणि स्वतःच्या पायांनी घरी जातो. सगळेच जात नाहीत, पण ते राहू दे. माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच बसलं की आपल्या माणसाला अशी खुर्ची का मिळू नये.

लढाईत लष्करानं पुणे रस्त्याला जी पत्र्याची कोठी बांधली होती ती मी घेतली. सगळ्या खुर्च्यांची तोंडं रस्त्याकडे केली आहेत. भिंतीकडे बघत कुणी प्यायचं नाही. खाल्ल्याशिवाय पेला नाही आणि माणशी दोनच पेले. मोहाची दारू, रानातला मध आणि लिंबू यांचं एक मिश्रण केलंय, त्याला 'घाटवाट' नाव दिलं. करवंदाचं एक आहे, कोकमाचं एक आहे. विलायती बाटल्याही आहेत, त्या मोटारवाल्यांसाठी. मोहाची दारू मी परवान्याच्या दुकानातूनच घेतो. वरच्या वाडीतला पदू ठाकर फक्त मध आणि करवंदं आणतो, हे तू विचारायच्या आधीच लिहून ठेवतो.

घर मागच्या अंगाला आहे. वेगळी चूल, वेगळं दार. आईला बारचं तोंडही बघायला लागणार नाही. एकदा पाठव. माझ्या घरी चार घास खाऊन तुझ्याकडे परत येऊ दे, एवढंच मागतो.

तुझा थोरला भाऊ,
आबाजी


लोधिवली, ता. २० मे १९४६

चि. मालोजीस,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, भाषण. तुझ्या दारूबंदी मंडळाच्या सभेत आधी वाचून दाखवलंस की थेट माझ्यावरच सुरू केलंस?

बार उत्तम चालला आहे. खंडाळ्याला हवा खायला जाणारे शेठ थांबतात. गोरे साहेब बोटीनं घरी निघालेत, तेही जाता जाता थांबतात. एका इंग्रजी वर्तमानपत्राचा माणूस आला होता. त्यानं 'घाटवाट' चाखून 'जंगलची चव' असं काहीसं छापलं. तेव्हापासून लोक येऊन जंगल कुठे आहे ते विचारतात.

तुला कुणीतरी सांगितलं की मी पदूला लंगोटीवर दारात उभा करतो. साफ खोटं आहे. मी त्याला सदरा दिला होता. उकडतं म्हणून त्यानं तो काढला. सदरा काढल्यावर मोटारी जास्त थांबायला लागल्या, हे माझ्या ध्यानात आलं. परत घाल असं मी म्हणालो नाही, इतकंच. परवा एका बाईनं त्याचा फोटो काढला तेव्हा तो मला म्हणाला, "सायेब लोक मला काय बगत्यात? मी काय वाघ हाय?" मी हसलो. तो हसला नाही.

एक गोष्ट मात्र मनासारखी होत नाही. ती तुलाच लिहितो, कारण दुसरं कुणी समजून घेणार नाही, आणि तू समजून घेऊनही आनंदच मानशील. आपली माणसं खुर्चीवर बसत नाहीत. शेजारच्या गावचा धाऊ आला. चांगला शेतकरी, माझ्याच वयाचा. त्यानं खुर्ची आपल्या उपरण्यानं पुसली, मोटारवाल्यांकडे एकदा बघितलं आणि खुर्चीच्या शेजारी जमिनीवर बसला. "बरं हाय खालीच," म्हणाला. आता ती मंडळी पुढून येतच नाहीत. मागे आंब्याखाली बसतात. मीही पेला तिकडेच देतो. सवय लागेपर्यंत म्हणून देतो.

रायवळ आंबे उतरलेत. आईला आमरस आवडतो. चंद्रानं पाट वेगळा काढून ठेवलाय. पाठव.

आबाजी


लोधिवली, ता. २ डिसेंबर १९४६

मालोजी,

तू आलास आणि पुढच्या दारानं आला नाहीस. चोरासारखा शेतातून, मागून आलास. पुढून आला असतास तर तुला पाटी दिसली असती, धुतलेले पेले दिसले असते, दोन पेल्यांचा नियम दिसला असता. पण तुला जे बघायचं होतं ते मागेच होतं.

होय, धाऊ आंब्याखाली पडला होता. होय, त्याची बायको मोतीबाई त्याला न्यायला आली होती, आणि तिनं एका हातात त्याचं पागोटं आणि दुसऱ्या हातात त्याचा दंड धरला होता. तुला आई आठवली असणार. मलाही आठवली. ते आठवायला तू तिथे उभा राहायची गरज नव्हती.

मोतीबाई काय म्हणाली ते तू ऐकलंसच. "दादा, कशेळ्याच्या दुकानात पेला फुटका असायचा. कड लागती म्हणून ह्ये एकच घ्यायचे. तुमचा पेला चांगला हाय, चार घेत्यात." असं मला आजवर कुणी बोललं नव्हतं. तू ढीगभर पत्रं लिहून जे केलं नाहीस ते तिनं तीन वाक्यांत केलं. आणि मला राग तिचा आला नाही, तुझा आला. कारण तू माझ्याकडे बघितलंस, काही बोलला नाहीस आणि चालू लागलास. हे तू आईकडून शिकलास.

दोन पेल्यांचा नियम मी मोडलेला नाही. पुढे मोडलेला नाही. मागे कोण किती घेतो ते बघायला मी तिथे उभा नसतो. हे लिहून झाल्यावर मीच वाचून बघितलं, आणि चांगलं वाटलं नाही.

मागचं दार मी खिळे ठोकून बंद केलं आहे. तू सांगितलंस म्हणून नाही. धंद्यातलं खरं दार तेच होतं असं आता कळतंय, कारण पुढे माशा बसल्यात.

आईला सगळं सांगितलं असशीलच. सांगताना मागचं दार बंद झालं हेही सांग.

आबाजी


लोधिवली, ता. २० ऑगस्ट १९४७

चि. मालोजीस,

स्वराज्याचे आशीर्वाद. तुझी मंडळी आता सरकार झाली, म्हणजे तू माझा धाकटा भाऊ आणि माझा मालक दोन्ही झालास.

पंधरा तारखेला दारू बंद ठेवायची असं आधीच सांगून गेले होते. मी बंद ठेवली. पण लोक काय थांबतात? चौकापासून मिरवणूक आली ती थेट माझ्या कोठीत शिरली. पोरं, म्हातारे, बाया, सगळी. मला काही सुचेना. कोकमाचं आगळ होतं, लिंबं होती, पनवेलचा बर्फ होता. मी त्याच उंच पेल्यांतून सरबत द्यायला लागलो. आणि बघतो तर धाऊ खुर्चीवर बसलेला. पाठ टेकून, रस्त्याकडे तोंड करून, शेजारी मोतीबाई. पदूही बसला, अंगात सदरा घालून. एकही खुर्ची रिकामी नव्हती. बार काढला तेव्हा डोळ्यांपुढे जे होतं ते मी त्या दिवशी बघितलं, आणि पेल्यात दारूचा थेंब नव्हता.

तू हे वाचून मांडी थोपटशील. थोपट. पण एवढं ध्यानात घे की ती खुर्ची तिथे मी ठेवली होती.

त्या दिवशी आई काय करत होती ते कळव. तिला तरी कुणी पेढा दिला का? इथे असती तर मी दिला असता.

आबाजी


लोधिवली, ता. ३० मार्च १९४९

मालोजी,

परवाना पुढे चालू ठेवणार नाहीत, असा हुकूम आला. अधिकारी येऊन विलायती बाटल्या घेऊन गेले. मोहाची होती ती रस्त्याकडेच्या चरात ओतली. परवान्याच्या दुकानाची म्हणून दाखवली तीही ओतली आणि चोरून घेतलेलीही. त्यांना सगळं माहीत होतं, आणि तुलाही. पदू शेजारी उभा होता. त्याच्या वाडीत पहिला घोट घ्यायच्या आधी बोटानं चार थेंब जमिनीवर शिंपडतात, मेलेल्यांसाठी. तो चराकडे बघत म्हणाला, "येवढी तर आमी देवालाबी येका दमात देत नाय." अधिकारी हसला. मला तेव्हा हसू आलं नाही, आता लिहिताना येतंय.

आणि त्याच टपालानं तुझा अर्ज. पत्र म्हणत नाही, कारण वर मंडळाचं छापील नाव आहे. दारू सोडलेल्या लोकांच्या करमणुकीसाठी संस्कार केंद्र काढायचं आहे, कोठी मोक्याची आहे आणि 'खुर्च्या आयत्याच आहेत' म्हणून ती द्यावी. आयत्या. मला हा शब्द फार लागला, मालोजी. एकेक खुर्ची मी मुंबईहून निवडून आणली होती. आता त्यांवर बसून लोक कॅरम खेळतील आणि तुझं भाषण ऐकतील. खालीच बसले तरी चालेल असं भाषण.

घे. किल्ल्या चंद्राकडे ठेवल्या आहेत. भाडं नको, आभाराची सभाही नको. फक्त आता सबब राहिलेली नाही. माझ्या घरात दारू नाही, अंगणात नाही, शेजारी तर तुझंच केंद्र. यंदा पितृपक्षात बाची तिथी थोरल्या मुलाच्या घरी होऊ दे. आईला तेवढ्यासाठी पाठव. सव्वातीन वर्षं झाली, माझ्या घरचं अन्न तिच्या पोटात गेलेलं नाही. माणूस परक्याला एवढी शिक्षा देत नाही.

आबाजी


खालापूर, कचेरीची कोठडी, ता. १७ सप्टेंबर १९४९

मालोजी,

तुला आतापर्यंत कळलं असेल. तुझ्या केंद्राच्या हिरूनं कळवलं असेल, तो असल्या कामात तत्पर आहे. पण त्यानं बाहेरून बघितलं. आत काय झालं ते मी लिहितो.

अष्टमीला सकाळी आई आली. तू पाठवलीस, त्याबद्दल तुझे उपकार मानतो, हे मनापासून लिहितो आहे. ती उंबऱ्यात थांबली. चंद्रानं पायांवर पाणी घातलं तेव्हा आत आली. घर फिरून बघितलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, केस पांढरे झाले म्हणाली. मी रडलो. पन्नाशीला आलेला माणूस चुलीपाशी बसून रडला, ते लिहायला मला लाज वाटत नाही.

चंद्रानं बाचं पान वाढलं. वडे, खीर, भात, अळूची भाजी, बाला आवडायचं ते सुकटही. आईनं पानाकडे बघितलं आणि म्हणाली, "आबा, त्याचा वाटा नाय ह्याच्यात."

मला लगेच कळलं. तरी मी विचारलं, कसला वाटा.

"अलिबागला दर साली पान वाढलं. कावळा शिवत नाय. मालू दर्भाचा कावळा करतो नि पान हालवतो. दर्भाच्या कावळ्यानं तुमचा बा जेवंल का?"

मी म्हणालो, "आई, त्याला दारूनंच मारलं ना?"

"मेला तिनंच. पर आवडत बी तीच व्हती," आई म्हणाली. "येक द्रोण ठेव. म्या कंदी कुनाकडं मागितलं नाय. तुज्याकडं मागते."

मालोजी, ज्यानं या रस्त्यानं जाणाऱ्या साऱ्या मुंबईला दारू पाजली, त्याच्या घरात बापाच्या द्रोणापुरती दारू नव्हती. तुझ्या लोकांनी काम चोख केलं होतं. मी टोपी घातली आणि गेलो. कुठे गेलो ते पोलिसांना सांगितलं नाही, तुलाही लिहीत नाही. देणाऱ्यानं पैसे घेतले नाहीत. बापासाठी हवी म्हटल्यावर आणखी काही विचारलंही नाही.

परत येऊन द्रोण भरला आणि पान कौलांवर ठेवलं. आम्ही तिघं खाली हात जोडून उभे राहिलो. कावळा आला. आधी आंब्यावर बसला, मग कौलाच्या कडेला. मान वाकडी करून द्रोणाकडे बघत होता. आई ओठातल्या ओठात बाला बोलावत होती, "या, आता तरी या." इतक्यात हिरू रस्त्यावरच्या शिपायाला घेऊन आला. या घरावर लक्ष ठेवायला सांगितलंय, असं हिरू पंचांसमोर म्हणाला. कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. शिपाई शिडी लावून वर चढला आणि कावळा उडाला.

द्रोणातली बाटलीत ओतून घेतली आणि पान, द्रोण, सगळं कागदात बांधून सील केलं. बाचं जेवण आता सरकारच्या कपाटात आहे. पान शिवलं गेलं नाही, म्हणून घरात कुणी जेवलं नाही. चंद्रा सांगून गेली की आई अलिबागला परत जायला तयार नाही. अमावास्येला पान पुन्हा वाढायचं, तोवर आपण अन्न घेणार नाही, असं म्हणते. दोन वेळा दूध घेते. मी चार वर्षं तिला घरी बोलावत होतो. आली, आणि उपाशी आहे.

वकील म्हणतो, म्हातारीला उभी करा. दारू आपण मागितली, नवऱ्याच्या पानासाठी मागितली, असं तिनं सांगितलं तर मॅजिस्ट्रेट सोडून देईल. मी नको म्हटलं. भरल्या कचेरीत आपल्या आईनं, सोनाबाईनं दारू मागितली असं लिहून घ्यायला मी देणार नाही. सोमवारी कर्जतला नेतील तेव्हा मी गुन्हा कबूल करणार आहे. काही महिने आत बसेन. मी नाही म्हणायला हवं होतं असं तू सगळ्यांना सांगशील, तेव्हा हेही सांग की आईनं मागितलं होतं. नाहीतर काहीच सांगू नकोस.

म्हणजे अमावास्येला मी घरी नसणार. थोरला नसला की पान धाकट्यानं वाढायचं, हे तुला सांगायला नको. तू लोधिवलीला ये. केंद्रात उतरू नकोस, घरी उतर. चंद्रा स्वयंपाक करील. आई पानापाशी बसेल आणि तुझ्याकडे मागेल. रागावणार नाही, रडणार नाही. माझ्याकडे मागितलं तसंच सरळ मागेल. कुठे जायचं ते तिला ठाऊक आहे, ती तुझ्याबरोबर चालत यायलाही तयार होईल.

तुला नाही म्हणायचं असेल तर तिच्या तोंडावर म्हण. मला ते जमलं नाही.

आबाजी